सेल्विनसाठी गाऱ्हाणं

आमच्या पूर्णगडात कुणाला "कुठे निघालात?" असं विचारलं, तर तो माणूस कुठे निघालाय, कशाला निघालाय, परत कधी येणार हे सगळं सांगतो आणि वर तुम्हालाच विचारतो, "येताय का?" हे विचारणं म्हणजे आमच्याकडचा नमस्कार. याला अपवाद एकच, आमच्या शेजारचे बाळाकाका. त्यांना विचारलं की म्हणायचे, "हा, इथेच." मग जवळच्या पावसला चाललेले असोत नाहीतर मुंबईला.

आंब्याच्या दिवसांत बागेला राखण ठेवतात ते ठीक, पण वर्षभर फाटकाला कुलूप लावणारा माणूस गावात हाच एक. "काका, सोनं पुरलंय की काय?" असं मी कितीदा चिडवलं असेल. ते हसायचे नाहीत. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकायचे ती सुद्धा पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला. त्यांची बायको येसूकाकी म्हणायची, "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. हे तर पाणी पण फुंकतात."

हे तोंड पोळलं होतं होंडुरासमध्ये. काका जन्मभर जहाजाच्या इंजिनात कामाला. त्या आवाजाने एक कान गेला, दुसरा अर्धा राहिला. मधली बरीच वर्षं त्यांचं जहाज मध्य अमेरिकेतून केळी भरून आणायचं, आणि केळी भरायचं बंदर म्हणजे पुएर्तो कोर्तेस. तिथली स्पॅनिश त्यांना मोडकीतोडकी येते. तिथल्या गोष्टी मात्र ते सांगत नसत. मला एकदाच सांगितली, तीही मी फार मागे लागले म्हणून.

बंदरातून गावात जायला एक बस होती. तिचा ड्रायव्हर हौशी, गाणी लावायचा, काकांना बघून हॉर्न वाजवायचा. तिथे बसवाल्यांना, दुकानवाल्यांना, पाव विकणाऱ्या बाईलासुद्धा टोळीला हप्ता द्यावा लागतो. त्याला ते लोक लढाईचा कर म्हणतात. ड्रायव्हरने तो दिला नाही. पुढच्या खेपेला काका बसपाशी गेले तेव्हा ड्रायव्हर नवा होता आणि समोरच्या काचेला भोकं होती.

"मी भ्यालो ते भोकांना न्हाय गो," काका म्हणाले होते. "लोक चढले, बसले, तिकिटं काढली. एका माणसान विचारलान न्हाय, आधीचा कुठे गेला म्हणून."

हल्ली तिथे खून पूर्वीपेक्षा बरेच कमी झालेत, असं मी पेपरात वाचलं होतं. सरकारने आणीबाणी लावली, रस्त्यावर शिपाई आले. मी मोठ्या उत्साहाने काकांना हे सांगायला गेले. ते म्हणाले, "कमी झाले असतील. सगळे हप्ता देऊ लागले की मारायला कोण उरतो?" माझा उत्साह तिथेच मावळला.

असा हा माणूस, आणि त्याच्या पदरात येसूकाकी! काकीच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती वाईट नाही, उलट तिच्याइतकी मायाळू बाई मी पाहिली नाही. तिच्याशी कुणी चांगलं वागलं की चार घरी सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नाही. उपकार गुपचूप ठेवणं तिला कृतघ्नपणा वाटतो. आमच्या सगळ्या गावालाच तसं वाटतं म्हणा.

त्यांचा मुलगा हर्षद बोसन आहे, म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी त्याचं जहाज नेमकं त्याच बंदराला लागलं. काकांचं जेवण त्या दिवसापासून कमी झालं. एका सकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. काकांना ऐकू यावं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे काकीने, मी, आणि दार उघडं होतं म्हणून कोंबड्यांनीही सगळं ऐकलं.

झालं होतं असं. जहाजाच्या शिडीपाशी तिथलाच एक वॉचमन असायचा, सेल्विन नावाचा. त्याच्या मुलीला खोकला झाला तेव्हा हर्षदने जहाजावरचं औषध मिळवून दिलं होतं. एवढीच ओळख. पण जहाज सुटायच्या बेताला सेल्विन त्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, सुकाणूच्या वरची पोकळी बघून घे. हर्षदने बघितलं तर आत कोकेनची पुडकी बांधून ठेवलेली. पुढच्या बंदरात ती सापडली असती तर सगळे खलाशी तुरुंगात गेले असते. असे कितीतरी भारतीय पोरगे परदेशात सडतायत. कॅप्टनने पोलिसांना बोलावलं, नेहमीच्या तपासणीत सापडलं असं सांगितलं. आता चौकशी होईपर्यंत जहाज तिथेच अडकलं होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या वॉचमनचा नाव कुणाकडे घेतलंस?"

"कुणाकडेच नाही, बाबा. कॅप्टनलाही नाही सांगितलं."

"माझ्याजवळ घेतलंस तेवढा पुरे. परत तोंडात आणू नको. आणि शिडीच्या खाली पाय ठेवू नको."

फोन ठेवल्यावर ते काकीकडे वळले. "ऐकलंस ना? माल सापडला हे तिथे सगळ्यांना कळलंय. कुणी दाखवलान हे टोळीला कळलं, तर तो माणूस दुसरा दिवस बघणार न्हाय."

काकीने डोळे पुसले, मान डोलावली. "मी कुणाला कशाला सांगू?" आणि खरंच, तिने गावात कुणालाही सांगितलं नाही. मी शेजारी राहते, मला माहीत आहे. ती कशी गप्प राहिली याचंच मला नवल वाटत होतं.

मग शिमगा आला. ग्रामदेवीची पालखी घराघरांत फिरू लागली. पालखी दारात आली की खळ्यात पाट मांडून तिला बसवतात, घरची बाई ओटी भरते आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. घराचं जे काही मागणं असेल ते देवीपुढे मोठ्याने, नावानिशी, गावानिशी सांगायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मागणं मनात ठेवून चालत नाही. ज्याच्यासाठी मागायचं तो कोण, कुठला, हे देवीला कळायला नको का?

आमच्या गावचा सर्वेश हे सगळं फोनवरून थेट दाखवतो. रत्नागिरीत बँकेत नोकरीला आहे, हुशार आहे, गावाचं पेज तोच चालवतो. दुबईत आणि जहाजांवर असलेली आमची पोरं आपापल्या दारातली पालखी त्यावर बघतात आणि डोळे पुसतात. चांगलंच काम आहे ते, आजही मी तसंच म्हणेन.

काकांच्या खळ्यात पालखी टेकली. काकीने ओटी भरली आणि गुरवाच्या कानाशी वाकून काही सांगितलं. मला वाटलं, हर्षदच्या सुखरूप येण्याचं असेल. गुरवाने हात जोडले.

"बा देवी म्हाराजा! आज ह्या बाळाच्या घराण्यान तुझी वटी भरलान हाय, ती मान्य कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांचो हर्षद होंडुरास देशात बोटीवर हाय. बोटीत चोरांनी माल लपवलानी, तो ज्या भल्या माणसान दाखवून दिलान, त्या सेल्विन वॉचमनचा आणि त्याच्या पोरीचा..."

"बंद कर!" काका ओरडले. मी त्यांना आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. ते पालखीच्या आणि गुरवाच्या मधे येऊन उभे राहिले. "बास कर मेल्या! बास!"

ढोल थांबले. काकी पांढरीफटक पडली. "अहो, मी माणसांना न्हाय सांगितलं," ती म्हणाली, "देवीला सांगितलं."

कुणी काही समजून घेण्याआधी मानकरी संतापले. गाऱ्हाणं मधेच तोडणं म्हणजे आमच्याकडे भलता अपशकुन. अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं उलटतं, ज्याच्या नावाने घातलं त्यालाच बाधतं, अशी समजूत. ते पुन्हा पहिल्यापासून, स्पष्ट घालावं लागतं. काकांना दोघांनी दंडाला धरून बाजूला नेलं, "म्हातारा पोराच्या काळजीनं बावचळलाय" असं म्हणत. मी "अहो, ऐका तरी" म्हणत राहिले, पण पालखीपुढे माझं कोण ऐकतं? गुरवाने घसा साफ केला आणि सगळं पुन्हा घातलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. सेल्विनचं नाव आलं तेव्हा साऱ्या खळ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. मनापासून म्हटलं. सगळ्यांना तो माणूस आवडला होता.

काका दंड सोडवून घेऊन सर्वेशकडे गेले आणि त्यांनी फोनवर हात ठेवला. सर्वेश म्हणाला, "काका, आता काय उपयोग? सगळं गेलं की वर. आणि घाबरता कशाला? मराठी तिथे कुणाला समजते?"

मराठी कुणाला समजायची गरजच नव्हती. हर्षदला आणि जमलं तर त्या सेल्विनलाही दिसावं म्हणून सर्वेशने खाली इंग्रजीत ओळ घातली होती. जहाजाचं नाव, बंदराचं नाव, आणि माल शोधायला मदत केल्याबद्दल सेल्विनभाऊंचे गावातर्फे आभार. गुरवाचं पहिलं गाऱ्हाणं आणि काकांची ओढाताण चालू असतानाच त्याने ती लिहिली होती. शिकलेल्या माणसाचा भोळेपणा जास्त महाग पडतो, असं मी त्याला नंतर तोंडावर बोलले. त्याने मान खाली घातली.

त्या दिवशी दुपारी त्याने व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो कुठे कुठे गेला होता. काकांनी हर्षदला लगेच फोन केला, सेल्विनला सांग, कामावर येऊ नको, गाव सोड. हर्षद म्हणाला, त्याची पाळी संपली, तो घरी गेला, त्याचा नंबर माझ्याकडे नाही. उद्या सकाळी शिडीवर आला की सांगतो.

दुसऱ्या दिवशी सर्वेश धावत आला. व्हिडिओची एक प्रत मुंबईच्या कुणीतरी आपल्या पानावर टाकली होती आणि तिच्याखाली स्पॅनिशमध्ये काही लिहिलेलं होतं. त्याने फोन काकांसमोर धरला. काकांनी वाचलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"काय लिहिलंय?" काकीने विचारलं.

काका काकीकडे न बघता म्हणाले, "धन्यवाद, आई. असं लिहिलंय."

काकीचा चेहरा उजळला. "बघा! सेल्विनचंच असेल. तुम्ही उगीच घाबरलात." पण सेल्विन असं चारचौघांत कशाला लिहील? नाव कळल्याबद्दल हे आभार टोळीने मानले होते. सर्वेशच्याही लक्षात आलं असावं, कारण तो चहा न घेताच उठला.

शिडीवर त्या सकाळी नवा वॉचमन होता. हर्षदने त्याला सेल्विनबद्दल विचारलं, तर तो माणूस समुद्राकडे बघत राहिला. दोन दिवस काकांनी फोन हातातून सोडला नाही. मग जहाज सुटलं आणि खुल्या समुद्रातून हर्षदचा फोन आला. यावेळी काकांनी स्पीकर लावला नाही. फोन चांगल्या कानावर दाबून धरला आणि "हूं, हूं" करत राहिले. एकदा त्यांनी काहीतरी पुन्हा म्हणून घेतलं, सेल्विन आणि त्यापुढे एक लांबलचक आडनाव. मग "पोर वाचली ना?" असं विचारलं.

फोन ठेवून ते काकीसमोर बसले. खोटं बोलतील असं मला वाटलं होतं. नाही बोलले. सकाळी कामावर येताना सायकलवर मारलानी त्याला, म्हणाले. मुलगी घरात होती, ती वाचली.

काकी रडली नाही. हातातला नारळ तिने हळूच खाली ठेवला. "मी तर त्याचं भलं मागितलं होतं," ती म्हणाली. "होय ना गो?" मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

बऱ्याच वेळाने तिने काकांना विचारलं, "त्याचं पुरतं नाव काय होतं हो? देवीला सांगायला नको? त्या पोरीसाठी तरी..."

"माहीत न्हाय," काका म्हणाले.