त्रिभुवन सर आणि माझ्या गोधडीचा पत्ता

आदरणीय प्रभाकर त्रिभुवन सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडण अर्थात मी केलं. सरांना ते जमत नाही. राहात्याच्या बाजारपेठेत त्यांचं संगणक केंद्र आहे. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी ते काढलं आणि लोकांना वेबसाईट बनवून द्यायला लागले. मी बेलापूरहून एसटीने गेले होते, काखेत एक गोधडी दाबून. मावशी आणि मी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत होतो आणि त्या पुण्या-मुंबईला विकायच्या होत्या. सरांनी गोधडी उलटसुलट करून पाहिली, टाक्यांचं कौतुक केलं आणि विचारलं, "तुमच्या घरचा पत्ता साऱ्या जगाला कळलेला चालेल का?"

मी मुळात फटकळ. म्हणाले, "मी वेबसाईट करायला आलेय, सोयरीक जुळवायला नाही. घरचा पत्ता कशाला हवा?"

सर हसले आणि त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. वेबसाईटचं नाव, म्हणजे डोमेन, नोंदवताना मालकाचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर द्यावा लागतो. ती नोंद तेव्हा कुणालाही, कुठूनही, फुकट उघडून पाहता यायची. हे ऐकून मी गोधडीची घडी घालायला लागले. मी पारनेर तालुक्यातलं सासर सोडून आले होते. का सोडलं ते इथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना नको. मी कुठे राहते हे तिकडच्या माणसांना कळून चालणार नव्हतं, एवढंच सांगते.

सरांना मी यातलं अक्षरही सांगितलं नाही. माझा चेहरा पाहून तेच म्हणाले, "मग माझं नाव घालू, दुकानाचा पत्ता घालू. पण कागदोपत्री मालक मी होईन, हे नीट समजून घ्या. बाजारात माझ्याबद्दल चार जणांना विचारून या आणि मग ठरवा."

मी खरंच विचारून आले. रसवंतीवाल्याला विचारलं, भांड्यांच्या दुकानात विचारलं. परत आले तेव्हा सरांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला, पासवर्ड माझा मला टाकायला सांगितला आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. मला टाईप करता येत नव्हतं. मी एकेक अक्षर शोधत बसले आणि तेवढा वेळ सर निमूटपणे कॅलेंडर वाचत राहिले.

ही सोय त्यांनी माझ्या एकटीसाठी केली नव्हती. ब्युटी पार्लरवाली, मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या बाई, शेळ्यांची डॉक्टरीण, जिला जिला आपला नंबर उघडा नको होता तिच्या नोंदीत सरांचा नंबर. नोंदीतून नंबर उचलून फोन करणारे तर देशभर पसरलेले. लोगो करून देतो, वेबसाईट पहिल्या नंबरवर आणतो, असे फोन सरांना दिवसभर यायचे. त्यांच्या पत्नी मार्थाकाकू म्हणायच्या, "आमचे हे पार्लरबी चालवतात आणि शेळ्याबी तपासतात." सर मात्र कुणावर खेकसले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर फोन विहिरीत टाकला असता.

आणि एक दिवस ज्याची भीती होती तेच झालं. माझ्या मोठ्या दिरांनी कुणाच्या तरी मोबाईलवर गोधड्यांचे फोटो पाहिले आणि टाके ओळखले. कुणीतरी त्यांना डोमेनची नोंद काढून दिली. ते थेट राहात्याला सरांच्या दुकानात येऊन उभे राहिले. पुढचं सगळं मला काकूंनी सांगितलं.

"ही बाई कुठं हाय?"

"नोंदीत माझं नाव हाय," सर म्हणाले. "काय काम हाय ते मला सांगा."

"नाव तुमचं, पर टाकं तिचं हायेत. ती कुठं ऱ्हाती ते सांगा."

"ते तिनं सांगायचं. माझं काम न्हाई ते. बसा, चहा घ्या."

दीर टेबलावर हात आपटायला लागले. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. दिल्लीकडचा कुणी मुलगा गोधडीच्या वेबसाईटला लोगो करून द्यायला टपला होता. सरांनी त्याला हिंदीतून गोधडी म्हणजे काय, लुगडं मऊ का लागतं, अस्तर कसं घालतात, सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो थकला, पण सर थकले नाहीत. दिरांनी दोन चहा घेतले, घड्याळ पाहिलं आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेले. संध्याकाळी सरांचा मला फोन आला. म्हणाले, "तुमच्या गोधडीला एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यांना गोधडी नको होती. मी चहा पाजून पाठवलंय, पण तुम्ही थोडं जपून राहा." मी फोन ठेवला आणि हुंदके देऊन रडले.

पुढे युरोपातल्या देशांनी व्यक्तिगत माहिती जपण्याचा कायदा केला आणि जगभरच्या डोमेनच्या नोंदींतून माणसांची नावं, पत्ते, नंबर झाकले जायला लागले. नंतर आपल्याकडेही तसा कायदा झाला. सरांचे फोन इतके कमी झाले की काकूंना वाटलं मोबाईल बिघडला. सरांनी मात्र आम्हा सगळ्यांना एकेक करून बोलावलं आणि ज्याची त्याची डोमेनं ज्याच्या त्याच्या नावावर करून दिली. बाहेरून पाहणाऱ्याला नोंद झाकलेली दिसते. माझ्या खात्यात मालकीण म्हणून माझं नाव आहे. ते पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरांना पेढे दिले आणि डोळे पुसत त्यांच्याशी पेढ्यांच्या भावावरून वाद घातला.

झाकलेल्या नोंदीमागे चोरही लपतो, हे सर जाणून आहेत. एका रोपवाटिकेच्या नावाने कुणीतरी खोटी वेबसाईट काढली, तेव्हा मालक तावातावाने आले, "आता चोराचंबी नाव झाकणार का तुमचा कायदा?" सरांनी त्यांना पुरावे जमवायला लावले, पोलिसांत तक्रार द्यायला लावली आणि डोमेन देणाऱ्या कंपनीला रीतसर अर्ज लिहून दिला. वेळ लागला, पण ती वेबसाईट बंद झाली. कारण सांगून मागावं आणि ज्याला अधिकार आहे त्याने द्यावं, एवढंच सरांचं म्हणणं असतं.

सरांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतोय. या लेखाखाली माझं नाव घालावं की 'एक हितचिंतक' लिहावं, असं संपादकांनी सरांना विचारलं. सर त्यांना म्हणाले, "ते त्यांनी सांगायचं."

तर मी सांगते. सासरच्या माणसांशी चाललेल्या माझ्या खटल्याचा निकाल केव्हाच माझ्या बाजूने लागला आणि आता मला कुणाची भीती राहिलेली नाही. सर, तुम्हाला आणि काकूंना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आणि पुढची सगळी वर्षं तुमचा फोन फक्त आपल्या माणसांसाठी वाजो. तुमच्यासाठी नवी गोधडी शिवायला घेतली आहे. ती घेऊन मी स्वतः येईन, आणि तिच्यावर शिवणारीचं नाव-गाव या वेळी उघड लिहिलेलं असेल.

— मंदा दगडू शेलार, बेलापूर