पायऱ्यांचे गुण

मुलगा हिंजवडीच्या कंपनीत लागला, तेव्हा सदाशिव पेठेतले निवृत्त गणित शिक्षक आगाशे सर एका रहस्यमालिकेच्या नादी लागले. सहा वर्षं रोज साडेआठला ते टीव्हीपुढे वही घेऊन बसत. फुटलेला चष्मा, डावखुरा माळी, बंद पडलेलं घड्याळ, सगळं तारीखवार टिपत. मालिकेतल्या बंगल्याच्या मालकाचा खून कुणी केला, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटच्या भागात खुनी निघाला मालकाचा जुळा भाऊ! सहा वर्षांत त्याचं कुणी नावही काढलं नव्हतं.

"शी! किळस आली," म्हणत सरांनी वहीच्या शेवटच्या पानावर मालिकेच्या लेखकाचं ते उत्तर उतरवलं, लाल पेनानं खाली भलंमोठं शून्य काढलं आणि वही वाहिनीला पाठवायला पाकीट मागितलं.

पत्नी नीरजाबाई चमकल्या. "अहो, उभ्या नोकरीत तुम्ही कुणाला शून्य दिलं नाहीत. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण द्यायचात."

"पायऱ्या मी लिहिल्यात, नीरजा. सहा वर्षं," सर म्हणाले. "त्या गाढवानं नुसतं उत्तर लिहिलंय, आणि तेही दुसऱ्याच गणिताचं."