सव्वा मूठ गव्हाचं भांडण

शिंदखेड्याचं घर सोडलं तेव्हा श्रावणातले कानबाई देवीचे रोट चार दिवसांवर आले होते. ओट्यावर माझी बॅग, आणि आत माय रोटाच्या, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांच्या, पिठासाठी गहू मोजत होती. आमच्या भावकीत घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ पडते. वडिलांची, म्हणजे आबांची पडली, काकांची पडली, भावाच्या अजून बसताही न येणाऱ्या पोराचीसुद्धा पडली. माझी नाही. धुळ्याच्या एसटीला वीस मिनिटं होती, म्हणून भांडून घेतलं.

देवी बाई, दळणारी बाई, लाटणारी बाई, मग मूठ फक्त मिशीवाल्यांची का? हे मी पत्रकात छापून एरंडोलच्या बाजारात वाटलंही होतं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. आबा म्हणाले, "पोरनी मूठ सासरले ऱ्हास." सासरीही पुरुषच मोजतात, आबा. म्हणजे गव्हाच्या लेखी आम्ही जन्मलोच नाही. एवढं बोलून मी जर्मनीला आले.

इथे लाइपझिगला आमचं किचन सामायिक आहे आणि देवही. जपानची युको पूर्वजांना घरी आणायला काकडीचा घोडा करते. आबांना सांगितलं तर म्हणाले, "आमना पोळाना बैल तरी मातीना शे. काकडी आम्ही खातस." पण खरा दारूगोळा मिळाला ग्रीसच्या एलेनीकडून. नवीन वर्षाला तिने केक कापला. पहिला तुकडा येशूचा, मग मरियमचा, मग घराचा, मग घरातल्या प्रत्येकाचा. बाया, पोरी, परदेशी गेलेले, सगळ्यांचा. मी फोटोसकट भावकीच्या ग्रुपवर टाकलं: बघा, हा धर्म मोजायला शिकला आहे.

दोन दिवसांनी आबांचा व्हॉइस मेसेज. इंटरनेटवर इतिहास संशोधन केलेलं आवाजातच कळत होतं. "तुना ग्रीसमा एक डोंगर शे. साधू ऱ्हातस. बाईनं सोड, तठे कोंबडीले बी बंदी शे."

मी एलेनीला विचारलं. ती केक चघळत खाली बघून म्हणाली, "मांजरी चालतात."

एवढी जगभर फिरले, आणि पुरावा म्हणून हाती मांजर.

या श्रावणात भावाने व्हिडिओ पाठवला. माय गहू मोजते आहे. पुरुष संपले. तिचा हात परत पोत्यात गेला आणि सव्वा मूठ सुपात पडली.

आबांचा आवाज: "हाई कोनी?"

"हात घसरना," माय म्हणाली.

हात मोजून सव्वा मूठ घसरला. आता कानबाईचा नियम असा, की मोजलेल्या गव्हाचे रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. त्यामुळे माझ्या वाट्याचे आबांना खावे लागले. रात्री त्यांचा मेसेज: "तुना रोट खाईसन पोट फुगनं." ही तक्रार मी जपून ठेवली आहे.

मग मायला फोन केला. "आणि तुझी मूठ?"

"मनी कशाले? मीच ते मोजी राहिनी."

तर गावात राहिलेल्या आणि गावाबाहेर पडलेल्या बायांनो, घर म्हणजे काय असं इथे मला सगळे विचारतात. जिथे आता माझी मूठ आहे आणि मायची नाही, ते माझं घर. तिकीट काढलं आहे. पुढच्या श्रावणात सुपापाशी मी बसणार, आणि हात माझा घसरणार.