तांब्याच्या नळीवरचं कुंकू

बडोद्यात नोकरीची शेवटची वर्षं काढताना लिहिलेले बहुतेक पंचनामे मी विसरलो. मकरपुऱ्यातल्या एका लॉन्ड्रीचा पंचनामा मात्र आजही ओळीओळीने पाठ आहे. त्यातली एक ओळ मी चुकीची लिहिली होती, आणि तेवढ्यापायी एक निर्दोष माणूस आत गेला असता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली गरम पाण्याची टाकी फुटली. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुण्यासाठी लावलेली, विजेवर चालणारी पाचशे लिटरची टाकी होती ती. चादरींच्या घड्या घालणारी एक बाई वाफेने पाठीवर आणि हातांवर भाजली. टाकीवर नवीन थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणारं यंत्र, बसवून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. बसवणारा परवानाधारक वायरमन आपला मराठी माणूस, पन्नाशीचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

"साहेब, एणे ज खोटुं फिटिंग कर्युं छे," लॉन्ड्रीचा मॅनेजर मला सांगत सुटला. फिटिंग त्यानेच चुकीची केली, हे त्याने तासाभरात चारदा तरी ऐकवलं असेल.

पंचनाम्याच्या वेळी फुटक्या टाकीमागे दोन बारीक तांब्याच्या नळ्या लोंबताना दिसल्या. एकीच्या टोकावर लाल डाग होता. बाई जखमी आहे, एवढंच माझ्या डोक्यात. मी लिहून टाकलं, 'रक्तासारखा डाग'. नळीचे फोटो काढले आणि पुढच्या कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोनवर खबर आली, मिस्त्री पळून चाललाय, रेल्वे स्टेशनवर आहे. मी जीप काढली. प्लॅटफॉर्मवर पिशवी घेऊन बसलेला मिस्त्री आम्हाला पाहून जागचा हललाही नाही. एका दिवसात आरोपी हातात! खोटं कशाला बोलू, परतताना मी मनातल्या मनात वरिष्ठांची शाबासकी ऐकत होतो.

"पळून कुठे चालला होतास?" ठाण्यात मी दरडावून विचारलं.

"पळत नव्हतो साहेब. नंदुरबारला निघालो होतो, त्या भाजलेल्या बाईच्या आईला आणायला. आमच्याच चाळीतली पोरगी आहे ती. तिला इथे कामाला मीच लावली. मग तिच्या आईसमोर उभं राहायला मलाच जायला पाहिजे ने?"

असली उत्तरं आम्ही रोज ऐकतो. मी त्याला दुपारपर्यंत तेच तेच विचारलं. तो घाबरला नव्हता, चिडला होता, आणि तेच मला खटकत होतं. गुन्हेगार माणूस पोलिसावर असा चिडत नाही. शेवटी त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला.

"मी प्रत्येक कामाचा व्हिडिओ काढतो. बघा तरी."

आधी मेन स्विच बंद. मग टेस्टर लावून वीज खरंच गेली का याची खात्री. अर्थिंगची तपासणी. त्यानंतर काम. टाकी सुरू केल्यावर नळाखालच्या बादलीत तापमापक बुडवून मिस्त्री उभा होता आणि साठ अंशांना टाकीवरचा दिवा विझत होता.

"थर्मोस्टॅट साठला वीज तोडतो," तो सांगू लागला. "तो बिघडला तर कट-आउट ऐंशीला तोडतो, आणि हाताने बटण दाबल्याशिवाय परत चालू होत नाही. दोन्ही फेल झाले तर वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दाब बाहेर सोडतो. तीन राखणदार बसवले साहेब. तिघं एकदम कसे झोपतील?"

व्हिडिओत तो दोन तांब्याच्या नळ्या टाकीच्या खोबणीत खोल सरकवत होता. मी तिथेच थांबवलं.

"या नळ्या आत असतात?"

"आतच. त्यांना पाण्याची ऊब लागली तरच थर्मोस्टॅटला आणि कट-आउटला कळणार ने!"

"मग मला त्या बाहेर लोंबताना कशा दिसल्या?"

मिस्त्री ताडकन उभा राहिला. मी माझ्या मोबाइलवर पंचनाम्याचे फोटो उघडले. त्याने त्या डागाचा फोटो बोटांनी मोठा केला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"हे रक्त नाही साहेब. कुंकू आहे. वर अक्षतासुद्धा चिकटल्यात."

दसरा! आपल्याकडे त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात यंत्रं धुतात, पुसतात, पुजतात. माझ्या ठाण्यातल्या बंदुकांनाही पंचनाम्याच्या आदल्याच दिवशी मी स्वतः कुंकू लावलं होतं, आणि तरी मला ते ओळखू आलं नव्हतं.

मॅनेजर जबाबावर सही करायला बाहेर येऊन बसलाच होता. त्याला टाकीबद्दल काही न विचारता मी पूजेबद्दल विचारलं. गुन्ह्याचा विषय निघाला की माणूस शब्द मोजून बोलतो, देवाधर्माचा निघाला की खुलतो. तोही खुलला. तांब्याच्या नळ्या काळ्या पडल्या होत्या म्हणून बाहेर ओढून चिंचेने लखलखीत केल्या आणि कुंकू लावून तशाच बाहेर ठेवल्या. व्हॉल्व्हच्या नळीतून थेंब थेंब पाणी रांगोळीवर पडत होतं, म्हणून तिला घट्ट बूच मारलं.

"दोनों जगह एकदम फर्स्ट क्लास पूजा की, साहेब," तो कौतुकाने म्हणाला.

"दुसरी जागा कोणती?"

लॉन्ड्रीच्या मालकाचं शहरातच, अकोटा भागात, मुलींचं वसतिगृह होतं. तिथेही तशीच टाकी, तीही मिस्त्रीनेच बसवलेली. नळदुरुस्तीमुळे दसऱ्यापासून बंद होती. दुरुस्ती संपली, आणि आज एक वाजता मॅनेजरनेच फोन करून ती सुरू करायला सांगितली होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते.

"तीन तास!" मिस्त्री ओरडला. "साहेब, गाडी काढा!"

वसतिगृहाचा फोन वाजत राहिला, उचलेना कोणी. आम्ही जीपमध्ये उड्या मारल्या. हवालदार, मी आणि मधे आमचा आरोपी. विश्वामित्री नदीचा पूल ओलांडेपर्यंत मी वसतिगृहाचा फोन पुन्हा पुन्हा लावत होतो. फाटकातून आत शिरलो तर अंगणात पंचवीस-तीस मुली शरद पौर्णिमेच्या गरब्याची तालीम करत होत्या, स्पीकर दणाणत होता, आणि भिंतीपलीकडे ती टाकी होती.

हवालदाराने मुलींना रस्त्यावर पिटाळलं. मी टाकीच्या खोलीत धावलो. दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेला होता, पत्रा कडकड करत होता. व्हॉल्व्हच्या नळीवरचं बूच दिसलं आणि ते उपटायला मी हात पुढे केला.

"हात लावू नका!" मिस्त्रीने माझ्या कॉलरला धरून मला मागे ओढलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कॉलरला हात घालणारा तो एकटाच. "बूच निघालं तर वाफ तोंडावर येईल. नळ उघडायचा नाही, गार पाणी सोडायचं नाही. फक्त वीज तोडायची आणि लांब व्हायचं."

बाहेरच्या बोळातला मेन स्विच त्याने खाली ओढला. आम्ही सगळे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. पाऊण तासाने त्याने एकट्याने जाऊन खिडकीतून काट्याकडे पाहिलं आणि तिथूनच हात वर केला. काटा उतरू लागला होता. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी तर हवालदाराला मिठीच मारली.

गुन्हा मॅनेजरवर दाखल झाला. मिस्त्रीच्या पळण्याची खबर देणारा निनावी फोनही त्याचाच निघाला. पाप त्याच्या मनात नव्हतं, खापर आपल्यावर फुटेल ही भीती होती. यंत्र देव मानून पुजलं, पण ते चालतं कसं हे बसवणाऱ्याला विचारलं नाही. तेव्हापासून खबर आली की खबऱ्याला ती का द्यावीशी वाटली, हे मी आधी पाहायला लागलो.

"आता एवढंच करा साहेब," निघताना मिस्त्री म्हणाला. "माझा हात नव्हता हे त्या भाजलेल्या पोरीला तुम्ही स्वतः सांगा. माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला असेल."

त्याच संध्याकाळी मी इस्पितळात गेलो. खरं तर डॉक्टरांनी सकाळीच जबाबाची परवानगी कळवली होती, पण मी आरोपी पकडायच्या घाईत होतो. ती पोटावर झोपली होती. मी सगळं सांगितलं. मिस्त्रीचा दोष नाही हे ऐकून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ती रांगोळी मीच काढली होती साहेब. नळ्या ओढल्या, बूच मारलं, सगळं माझ्यासमोर. सकाळपासून दाराकडे डोळे लावून पडलेय. मला विचारायला का नाही आलात?"