मापाची गाडी

शेजारच्या वहिनींना गाडी झेपत नाही म्हणून त्यांनी ती विकायला काढली, असं अमेरिकेतल्या एडिसनच्या आमच्या मराठी मंडळात बोलतात. ते खोटं आहे. त्यांच्या मुलाला फोन करून गाडी विकायचं मीच त्याच्या डोक्यात भरवलं आणि तिच्या काचेवर 'फॉर सेल'ची पाटी त्याने लावली.

वहिनी जेमतेम पाच फूट. उघड्या टपाच्या त्या जुन्या, डरकाळ्या फोडणाऱ्या अमेरिकन गाडीची सीट त्यांनी उंच करून घेतली आहे, पेडलं पाय पोचतील इतकी लांबवून. काल आलेल्या धिप्पाड गिऱ्हाइकाचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले.

"मापाचा ब्लाउज दुसऱ्याला होतो का, भाऊजी?" वहिनी मला म्हणाल्या. गिऱ्हाईक उतरताच त्यांनी पाटीसकट गाडी सुरू केली आणि माझ्यासाठी दार उघडलं.

"बसा. माझ्या मुलाला पुढचा फोन वाटेत करा."