बोट दाखवणारा माणूस

माझे सासरे रोज सकाळी एका माणसाला शाप द्यायचे. आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, की पूर्वेकडे तोंड करून दोन-तीन वाक्यं पुटपुटायचे. लग्न होऊन मी आले तेव्हा मला ती प्रार्थना वाटली, कारण बंगाली मला येत नव्हतं. हळूहळू शब्द कळू लागले आणि एके दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या उमगलं, की म्हातारा कुणाचा तरी वंश बुडो, त्याला पाणी पाजायला कुणी न उरो, असं म्हणतोय.

माझं माहेर नवेगाव बांधच्या पलीकडचं, धानाची शेती करणारं. सासर इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळच्या बंगाली वसाहतीत. नवरा धरणाची मासळी आमच्या आठवडी बाजारात आणायचा, तिथं ओळख झाली. वडील बरेच दिवस नाही म्हणाले, मग हो म्हणाले. सासऱ्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला 'बौमा' म्हणून हाक मारली. त्यांच्याकडे सुनेला तसं म्हणतात.

शाप कुणाला, ते मी एकदा सरळ विचारलं. त्यांनी हिंदी-मराठी मिसळून सांगितलं.

एकाहत्तर साली ते विशीत होते. त्यांचा देश तेव्हा दोन तुकड्यांत होता, मधे आख्खा हिंदुस्थान. पूर्वेचा तुकडा वेगळा व्हायला निघाला होता आणि पश्चिमेहून फौज आली होती. गावात एक पुढारी होता. रोजच्या बसण्या-उठण्यातला, यांच्या वडिलांच्या पंगतीला जेवलेला. तो चौकात उभा राहून सांगू लागला की देश मोडतोय तो आपल्यात राहणाऱ्या, दुसऱ्या धर्माच्या परक्यांमुळे. आधी लोक हसले. मग ऐकू लागले. फौज गावात आली तेव्हा तो सैनिकांच्या पुढे चालत होता आणि एकेका घराकडे बोट दाखवत होता.

"हमारे घर के सामने रुका," सासरे म्हणाले. "मेरी तरफ देखा बौमा, पहचाना. फिर भी बोट दाखवला."

त्यांचे थोरले भाऊ अंगणातच मारले गेले. सासरे मागच्या तळ्यात, जलपर्णीखाली, नाकापुरते वर राहून वाचले. त्यांना नदीपार नेणारा नावाडी त्या पुढाऱ्याच्याच धर्माचा होता, त्याच्याच गल्लीतला. हे ते प्रत्येक वेळी सांगायचे. द्वेष सगळ्यांचा करायचा नाही, एकाचाच करायचा आणि नीट करायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे रायपूरकडची छावणी, मग आधी आलेल्या नातेवाइकांच्या आधारानं इथं.

त्या पुढाऱ्याचं पुढं काय झालं, ते माझ्या लग्नानंतर कळलं. तिकडच्या एका दूरच्या भाच्याचा फोन आला. देश नवा झाला, सरकारं बदलली, तशी त्या माणसानं टोपी बदलली. पुन्हा निवडून आला. म्हातारपणी स्वतःच्या पलंगावर, नातवंडांच्या घोळक्यात मेला आणि त्याच्यासाठी गावच्या शाळेला सुट्टी देण्यात आली. सासऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुळशीपाशी उभे राहिले, पण तोंडातून काही आलं नाही. मेलेल्याला काय शाप देणार.

आमच्या भागातही एक पुढारी होता. कंत्राटदाराचा मुलगा, गोड बोलणारा. निवडणूक नसतानाही वसाहतीत यायचा, सासऱ्यांना 'काका' म्हणायचा, आमच्या ओट्यावर बसून मोहरीतली मासळी जेवायचा आणि काटे काढायला मला हसत हसत शिकवायला सांगायचा. माझा धाकटा भाऊ त्याच्या मागं मोटरसायकलवर फिरायचा. मला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला तो उभा राहिला आणि त्याची भाषा फिरली. बाजाराच्या दिवशी त्यानं माईक लावला. मी नवऱ्यासोबत मासळीच्या पाटीवर बसले होते. तो म्हणाला, या तळ्यांवर, या कालव्यावर पहिला हक्क मातीतल्या माणसांचा. बाहेरून आलेल्यांनी किती दिवस खायचं. आणि त्यानं हात लांब करून आमच्या रांगेकडे बोट दाखवलं.

पुढचं फार झटकन झालं. पोरं धावत आली. पाट्या उलटल्या, मासळी चिखलात गेली. नवरा वजनकाटा वाचवायला वाकला आणि त्याच्या उजव्या हातावर कुणीतरी बूट दाबून उभा राहिला. मी त्या पोराला दोन्ही हातांनी ढकललं. मान वर केली तर मंचावर, पुढाऱ्याच्या मागं, माझा भाऊ उभा होता. तो खाली आला नाही.

संध्याकाळी भाऊ घरी आला. नवऱ्याचा हात लाकडी पट्ट्यांत बांधलेला होता, आमची पोरं त्याला टेकून बसली होती.

"बाई, तू भेऊ नोको," भाऊ म्हणाला. "तुले कोनी हात नाई लावत. तू आमची हायेस."

"अन् माहे पोट्टे?"

त्यानं खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली.

"ते कोनाचे हायेत ते सांग न. काऊन चुप बसला?"

"राजकारन हाये बाई. निवडनूक झाली का सारे इसरतेत."

सासरे खाटेवरून हे ऐकत होते. भाऊ गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज शांत होता, बाजारहाट सांगावा तसा.

"मेरा वाला हाथ से निकल गया. ये तेरा है. इसको छोडना मत."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. त्या क्षणी मला न्याय, शांतता, काही नको होतं. तो माणूस लोकांसमोर पडलेला बघायचा होता.

माझी मावशी चिचगडला असते. तिनं फोनवर सहज सांगितलं की तोच पुढारी पक्षाच्या प्रचारासाठी तिकडेही सभा घेतो आणि तिकडे भलतंच बोलतो. मी बस धरून गेले. मावशीचं लुगडं नेसले, डोक्यावर पदर घेतला आणि जंगलपट्टीतल्या बायांमध्ये जाऊन बसले. तिथं तो सांगत होता की तुमचं जंगल, तुमचा मोह, तुमचा तेंदू खाल्ला तो खालच्या धानवाल्यांनी. ते तुमच्या मातीतले नाहीत, त्यांना त्यांची जागा दाखवा. हे धानवाले म्हणजे माझे वडील, माझे काका, माझं अख्खं माहेर. बोट तेच होतं, दिशा तेवढी बदलली होती. मी पदराआडून मोबाइलवर सगळं बोलणं टिपून घेतलं.

माहेरी तेव्हा धान कापणी चालली होती. मी धानाच्या बांधीत उतरले, बायांच्या ओळीत विळा घेऊन कापायला लागले. दुपारी शिदोरी सोडली की मोबाइल मधे ठेवायचा. त्याचा आवाज सगळ्या ओळखत होत्या.

"हा आपल्यालेच म्हणून राहिला का?" एक म्हातारी म्हणाली.

"तुमालेच."

"मागच्या हप्त्यात माह्या पाया पडून गेला ना वं."

मी आणखी काही बोलायची नाही. पुढच्या बांधीत जायची. चार दिवसांत ते बोलणं माझ्याआधी गावोगाव पोचायला लागलं. एक गोष्ट मी तेव्हाच ओळखली होती, तीही सांगते. आमची पाटी उलटली, माझ्या नवऱ्याची बोटं मोडली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. लोक चिडले ते स्वतःसाठी. मला चाललं. राग कुठून येतो हे मी बघत नव्हते, कुणावर पडतो ते बघत होते.

शेवटची सभा माझ्या माहेरच्या गावात होती. मी पुढं जाऊन बसले. तो बोलायला उभा राहिला तशी मीही उभी राहिले.

"चिचगडले काय बोलले ते इथं सांगा न जी."

त्यानं मला ओळखलं. हसून म्हणाला, "ताई, आपण घरी बसून बोलू."

"बजारात तुमी माईकवर बोलले. मंग मीबी इथंच बोलीन."

मी मोबाइल वर धरला. आवाज बारीक होता, पण मोठ्या आवाजाची गरजच नव्हती. अर्ध्या लोकांनी तो आधीच ऐकलेला होता. बाया उठल्या. मग बाप्ये उठले. माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कधी सभा सोडली नव्हती, तेही धोतर झटकून चालायला लागले. भाऊ मंचावर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी मी तहसीलच्या फाटकासमोर उभी राहिले. काही काम नव्हतं. तो हरून बाहेर पडेल तेव्हा त्याचा चेहरा बघायचा होता. पडला. पांढरा झाला होता. मी बाजूला सरले नाही, त्याला मला वळसा घालून जावं लागलं. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. ते उठून बसले.

"रोया क्या?"

"नाही."

"तो फिर अभी पूरा नहीं हुआ," ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

त्याच थंडीत ते गेले. अंगण भरलं होतं. पांढरे कपडे घालून तो पुढारीही आला, हातात हार, मागं दोन-चार माणसं. मी फाटकातच उभी राहिले.

"काकांचं शेवटचं दर्शन घेऊ द्या, ताई."

"नाही."

"अशा वेळी राजकारण नको."

"बाहेरून आलेल्याचं दर्शन कायले घेता?" मी म्हणाले. "तुमचा काका नव्हता तो. माहा सासरा होता. जा."

लोकांनी मला समजावलं. दारात आलेल्याला अशा वेळी परत पाठवत नाहीत, असं नवराही म्हणाला. मी फाटक सोडलं नाही. त्यानं हार कुंपणाला अडकवला आणि गेला. मी तो काढून कालव्यात टाकला.

आता तो दुसऱ्या पक्षात आहे. पुन्हा मंचावर पुढच्या रांगेत बसतो, पुन्हा सगळ्यांना काका-मामा म्हणतो. नवऱ्याची बोटं मिटत नाहीत. मासळी मी कापते, तो फक्त तोलतो. बाजारात बाया म्हणतात, झालं ते झालं. मी ऐकून घेते.

यंदा भाऊबीजेला भाऊ आला. त्याचा त्या माणसाशी संबंध राहिलेला नाही, असं सांगत होता. मी ओवाळलं, टिळा लावला, पाट मांडला. जेवता जेवता तो हळूच म्हणाला, "बाई, सोड ना आता. किती दिवस धरून राहतेस?"

मी त्याच्या ताटात भात वाढला.

"तू जेव," म्हणाले. "थंडा होऊन राहिला."