कोपऱ्यातलं मँगेनीज

फळामास्तरांनी उभी हयात क्ष-किरण खगोलशास्त्र शिकवण्यात घालवली, तीही निव्वळ फळ्यावर. कृष्णविवर खडूने काढायचं आणि तास संपला की डस्टरने पुसायचं, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे प्रकल्पासाठी त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. यंदा प्राचार्यांनी सुनावलं, की एकही विद्यार्थी आला नाही तर तुमच्या खोलीत मोडकी बाकं ठेवू. मास्तरांना ते फार लागलं.

मग ते संगणकासमोर ठाण मांडून बसले. अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीची जुनी निरीक्षणं फुकट मिळतात, ती तपासायचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. जातो तो फक्त जीव. ते इन्स्टॉल करताना मास्तरांच्या नाकी नऊ आले. नवी विंडो उघडली की संगणक म्हणे, असली आज्ञा मला माहीत नाही. दर विंडोत सॉफ्टवेअर आधी सुरू करावं लागतं, हे माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं. पण पोरांना जन्मभर 'आधी पुस्तक वाचा' म्हणून दटावणारे मास्तर स्वतः कशाला वाचतात? ते आपले दर वेळी पहिल्यापासून इन्स्टॉल करत राहिले.

एकदाचं चित्र उमटलं. मधोमध पुसट ठिपका, कोपऱ्यात झगझगीत डाग. मास्तरांनी डागाभोवती माऊसने गोल काढला आणि त्याचा वर्णपट काढला, तर मँगेनीजची उंचच उंच रेषा. एवढं मँगेनीज आजवर कुठल्या ताऱ्यात कुणी पाहिलं नसेल! मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. बायकोने एवढंच विचारलं, की यानं खोली वाचेल ना? प्राचार्यांनी तर व्याख्यान ठरवलं, फलक रंगवून घेतला आणि शोधाचं श्रेय कॉलेजच्या पोषक वातावरणाला देऊन टाकलं.

शंकेखोरांची तोंडं बंद करावीत म्हणून मास्तरांनी दुसऱ्या ताऱ्याचं निरीक्षण उतरवून घेतलं. तोच कोपरा, तोच डाग, तीच रेषा. तिसऱ्यातही तेच. तेव्हा कुठे त्यांनी मुकाट्याने पुस्तिका उघडली. उपकरण नीट चालतंय ना, हे तपासायला दुर्बिणीतच मँगेनीजची रेषा सोडणारा एक किरणोत्सारी तुकडा बसवलेला होता. दुर्बीण कुठेही वळवा, तो आपला कोपऱ्यात चमकत राहणार. मास्तर तडक प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्यांचं म्हणणं पडलं, की फलक रंगवून झालाय, तेव्हा आज शोध लावून टाका, चूक पुढच्या वर्षी सापडू दे. मास्तरांना क्षणभर मोह झाला. पण व्यासपीठावर गेल्यावर त्यांनी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि सगळं सांगून मोकळे झाले. पोरं पोट धरून हसली. प्राचार्य शिपायाला बाकांचं काहीतरी सांगत निघून गेले. रिकाम्या सभागृहात मास्तर वायर गुंडाळू लागले. खोली गेली, याचं त्यांना रडू येत होतं.

मागच्या रांगेतली एक मुलगी तेवढी थांबली होती. ती पुढे आली.

"सर, पण त्या मधल्या ठिपक्यात काय निघालं?"

मास्तर ओशाळले. "तारा तोच गं. त्याच्याकडे मी बघितलंच नाही."

"मग आता बघू या की," म्हणत तिने खुर्ची ओढली.

मास्तरांनी वायर पुन्हा जोडली आणि माऊस तिच्याकडे सरकवला.